रविवारच्या जर्मन ताटाची तयारी बुधवारी: झाउअरब्राटन, रोटकोल, क्न्योडल आणि दोन-तीन सोबतीचे पदार्थ

व्हिनेगरात मुरवून मंद आचेवर शिजवलेलं मांस (झाउअरब्राटन), सफरचंद घातलेला लाल कोबी (रोटकोल) आणि बटाट्याचे मोठाले गोळे (क्न्योडल): जर्मनीतल्या रविवारच्या जेवणाचं हे जुनं, ठरलेलं ताट. यात तिखट नाही. चव येते ती आंबटपणा, स्टार्च आणि वेळ यांच्या मेळातून. मेळ बिघडला की मांस भुसभुशीत होतं, कोबी निळा पडतो आणि गोळे पातेल्यातच विरघळतात. तिन्ही चुका टाळता येतात, फक्त कोणती गोष्ट कशामुळे होते हे आधी कळायला हवं.

रविवारी दुपारी एक वाजता जेवायचं असेल तर मांस बुधवारी संध्याकाळी मुरत घाला. कोबी आणि बटाटे शनिवारी शिजवून ठेवा. रविवारी सकाळी नऊला मांस चुलीवर चढवा आणि गोळे बाराच्या सुमारास वळायला घ्या. सगळं एकाच दिवशी उरकायला गेलात तर तिन्ही पदार्थ अर्धेमुर्धे होतील.

झाउअरब्राटन

सहा माणसांना दीड किलो बीफचा एकसंध तुकडा लागतो. तो खांद्याचा घ्यावा. जर्मन खाटकाकडे नुसतं ‘झाउअरब्राटनसाठी’ म्हटलं तरी तो बहुतेक वेळा खांद्याचा किंवा मागच्या मांडीचा तुकडा काढून देतो. मांडीचा तुकडा कापायला देखणा, पण त्यात चरबी आणि जोडऊती कमी, त्यामुळे तो कोरडा पडायला वेळ लागत नाही. खांद्यातल्या पांढऱ्या शिरा तीन तासांत जिलेटिन होऊन विरघळतात आणि मांस ओलसर राहतं. त्या शिरा पाहून तुकडा नाकारू नका.

मुरवणासाठी अर्धा लिटर रेड वाइन, पाव लिटर रेड वाइन व्हिनेगर आणि अर्धा लिटर पाणी घ्या. त्यात २ कांदे, २ गाजरं, १५० ग्रॅम सेलेरीचा कंद आणि एक लीक (कांद्याच्या कुळातली जाड, लांब पात), सगळं जाडसर चिरून टाका. मसाल्यात १० जुनिपर बेरी (जुनिपर झुडपाची काळसर सुकी फळं), १० मिरी, ६ ऑलस्पाइस, ४ लवंगा, एक चमचा मोहरी आणि बे लीफची २ पानं. बे लीफच्या जागी तमालपत्र चालत नाही. ते वेगळ्या झाडाचं पान आहे आणि त्याची चव दालचिनीकडे झुकते. जुनिपर बेरी चमच्याच्या पाठीने जरा ठेचून घातल्या तरच त्यांचा वास उतरतो.

व्हिनेगर ५ ते ६ टक्के आम्लाचं हवं. जर्मन दुकानांत ‘एसिग-एसेन्झ’ नावाची बाटली मिळते, तिच्यात २५ टक्के आम्ल असतं. ती नजरचुकीने तशीच ओतली तर मांस खाण्याजोगं राहत नाही, शिवाय हाताची कातडीही भाजते. ती वापरायचीच असेल तर एका भागाला चार भाग पाणी घाला.

मुरवण एकदा उकळा आणि पूर्ण गार करा. कोमट मुरवणात मांस बुडवलं तर बाहेरचा थर अर्धवट शिजतो आणि जंतू वाढायला आयती ऊब मिळते. भांडं काचेचं, चिनी मातीचं किंवा स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमला आम्ल खातं आणि रश्श्याला धातूची चव येते. मांस पूर्ण बुडलेलं हवं, रोज एकदा उलटा आणि फ्रिजमध्ये ठेवा.

किती दिवस मुरवायचं? चार दिवस उत्तम, आठवडा चालतो, त्याहून जास्त लाभ नाही. आम्ल आतपर्यंत जात नाही, बाहेरच्या काही मिलिमीटरमध्येच काम करतं. दोन आठवडे ठेवलेल्या तुकड्याचा आतला भाग तसाच राहतो आणि बाहेरचा मात्र पिठासारखा भुसभुशीत होतो. मुरवणाची खरी कमाई रश्श्यात असते, कारण तेच मुरवण पुढे रस्सा होतं.

रविवारी सकाळी मांस बाहेर काढा आणि कागदी रुमालाने अगदी कोरडं पुसा. ही पायरी बहुतेक जण उरकून टाकतात आणि तिथेच रस्सा फिका पडतो. ओलं मांस तापलेल्या भांड्यात टाकलं की आधी पाणी उडायला लागतं, तोवर पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही आणि तपकिरी रंग धरत नाही. मुरवण गाळून भाज्या वेगळ्या निथळत ठेवा.

जाड बुडाच्या, झाकणाच्या भांड्यात २ मोठे चमचे बुटरश्माल्झ तापवा. बुटरश्माल्झ म्हणजे साजूक तूपच, ते लोण्यासारखं करपत नाही. मांसाला आता मीठ आणि मिरपूड चोळा आणि सगळ्या बाजूंनी मिळून दहा ते बारा मिनिटं भाजा. तुकडा भांड्याला चिकटला असेल तर ओढू नका, रंग आला की तो आपोआप सुटतो. मग मांस काढून त्याच भांड्यात भाज्या परता, एक चमचा टोमॅटो प्युरी घाला आणि ती विटकरी होईपर्यंत हलवा. थोडं थोडं मुरवण ओतून बुडाचं सगळं खरवडून घ्या. एकूण अर्ध्या लिटरच्या आसपास मुरवण पुरे. मांस अर्धंच बुडायला हवं. उरलेलं नंतर रश्श्याला लागेल, पण त्यात कच्चं मांस भिजलेलं आहे, म्हणून ते नीट उकळल्याशिवाय चाखूसुद्धा नका.

झाकण ठेवून १५० अंशांच्या ओव्हनमध्ये अडीच ते तीन तास ठेवा, मध्ये एकदा उलटा. चुलीवर करत असाल तर रश्श्यात अधूनमधून एखादा बुडबुडा फुटेल एवढीच आच ठेवा. रटरट उकळलं तर मांसाचे धागे आवळतात आणि रस बाहेर टाकतात. दोन तासांनी सुरी टोचून मांस चिवट लागलं तर घाबरून आच वाढवू नका. ते अजून व्हायचं आहे, वेळ वाढवा. काटा सहज शिरून सहज निघाला की झालं.

मांस झाकून १५ मिनिटं बाजूला ठेवा. रस्सा गाळा आणि भाज्या चाळणीतून दाबून त्यांचा गर घ्या. पश्चिम जर्मनीतल्या ऱ्हाइनलँडच्या पद्धतीत यात आखन शहराची ‘प्रिंटन’ ही मसालेदार कडक बिस्किटं चुरून घालतात, साधारण ७० ग्रॅम, आणि सोबत ५० ग्रॅम बेदाणे. प्रिंटन नसतील तर रश्श्यासाठी म्हणून विकलं जाणारं ‘झोसनलेबकूखन’ हे तसंच मसालेदार बिस्किट घ्या. चॉकलेटचं किंवा साखरेचं आवरण असलेलं बिस्किट मात्र नको. चुरा दहा मिनिटं मंद आचेवर शिजला की रस्सा दाट आणि चकचकीत होतो. आता चाखा. आंबट जास्त वाटलं तर शुगर बीटचा (साखरेच्या बीटाचा) काळा पाक चमचाभर घाला, गोड जास्त वाटलं तर राखून ठेवलेलं मुरवण उकळून थोडं थोडं मिसळा. जिभेला आधी आंबट आणि मग गोड लागलं पाहिजे, उलट नाही.

ऱ्हाइनलँडमध्ये हा पदार्थ पूर्वी घोड्याच्या मांसाचा असे, आता बहुतेक ठिकाणी बीफच असतं. दक्षिणेत सहसा बेदाणे घालत नाहीत, तिथे रस्सा जास्त आंबट असतो. काप करताना धाग्यांच्या आडवे, बोटाच्या निम्म्या जाडीचे करा. उभे कापलेत तर तीन तासांची मेहनत दाताखाली चिवट लागेल.

रोटकोल

हा लाल कोबी उत्तरेत ‘रोटकोल’, म्हणजे लाल कोबी, आणि बव्हेरियात ‘ब्लाउक्राउट’, म्हणजे निळा कोबी. भाजी एकच. तिच्यातलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात लाल राहतं आणि आम्ल कमी असलं की जांभळं, निळसर होतं. नळाचं पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त, असेल तर नुसत्या पाण्यात शिजवलेला कोबी डोळ्यांदेखत निळा पडतो. म्हणून आंबट आधीच घालायचं. पण आम्लाचा दुसरा गुण असा की भाजी लवकर मऊ होत नाही. यावर तोडगा म्हणजे निम्मं व्हिनेगर सुरुवातीला आणि निम्मं शेवटी.

एक किलो कोबीचा दांडा काढून २-३ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या कापा. दीड चमचा मीठ, एक मोठा चमचा साखर आणि दोन मोठे चमचे व्हिनेगर घालून हाताने चुरगाळा आणि तासभर ठेवा. ४० ग्रॅम हंसाच्या किंवा डुकराच्या चरबीत (लोणीही चालेल) एक चिरलेला कांदा मऊ करा, त्यावर कोबी, दोन आंबट सफरचंदांच्या फोडी, ३ लवंगा, एक बे लीफ, दालचिनीचा छोटा तुकडा आणि २०० मिली सफरचंदाचा रस. सफरचंद ‘बोस्कोप’ जातीचं मिळालं तर तेच घ्या, ते शिजून विरघळतं आणि कोबीला अंगचा दाटपणा देतं. झाकून तासभर मंद आचेवर शिजवा. शेवटी आणखी दोन मोठे चमचे व्हिनेगर आणि चमचाभर रेड करंटची (लहान, लाल, आंबट बेरीची) जेली. शनिवारी केलेला कोबी रविवारी गरम केला की जास्त चांगला लागतो, तेव्हा तो आदल्या दिवशीच करा.

क्न्योडल

इथे सगळं बटाट्यावर ठरतं. जर्मनीत बटाट्याच्या पिशवीवर तो कसा शिजतो ते लिहिलेलं असतं: ‘फेस्टकोखंड’ म्हणजे शिजूनही घट्ट राहणारा, ‘मेलिशकोखंड’ म्हणजे पिठूळ होणारा, आणि एक मधला. पिशवीवरचे रंगही बहुधा ठरलेले: घट्टाला हिरवा, मधल्याला लाल, पिठूळाला निळा. क्न्योडलना निळी पिशवी. घट्ट बटाट्याचे गोळे चिकट आणि रबरी होतात, पिठूळ बटाट्याचं सॅलड लगदा होतं.

एक किलो पिठूळ बटाटे सालीसकट उकडा. सोलून उकडले तर पाणी पितात आणि मग तेवढा जास्त स्टार्च घालावा लागतो. गरम असतानाच सोलून बटाटा दाबायच्या साच्यातून किंवा जाळीच्या चाळणीतून काढा. मिक्सर अजिबात नको. त्याच्या पात्यांनी बटाट्याच्या पेशी फुटतात आणि स्टार्च मोकळा होऊन सगळा गोंद बनतो. हा गर उघडा ठेवून वाफ जाऊ द्या आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो कोरडा होतो.

दुसऱ्या दिवशी एक जुनी युक्ती वापरा. गर खोलगट भांड्यात दाबून वरून सपाट करा, सुरीने चार समान भाग आखा आणि एक चतकोर उचलून बाकीच्यावर ठेवा. जी रिकामी जागा झाली ती बटाट्याच्या स्टार्चने काठोकाठ भरा. तेवढं प्रमाण बरोबर बसतं, वजनकाटा लागत नाही. मग एक अंडं, दीड चमचा मीठ आणि जायफळ किसून घाला. हलक्या हाताने, पण भरभर एकत्र करा. जितकं मळाल तितकं पीठ सैल होत जातं, म्हणून एकजीव झालं की थांबा.

पावाचे बारीक चौकोनी तुकडे लोण्यात कुरकुरीत तळून ठेवा. ओल्या हाताने मांदारिन संत्र्याएवढे गोळे करा, प्रत्येकाच्या पोटात दोन-तीन तुकडे भरा आणि वरून एकही भेग राहणार नाही असे गुळगुळीत वळा. भेगेतून पाणी आत शिरतं आणि गोळा तिथूनच उकलतो.

रुंद भांड्यात भरपूर पाणी मीठ घालून उकळा, त्यात चमचाभर स्टार्च गार पाण्यात कालवून ओता, म्हणजे गोळ्यांचा पृष्ठभाग कमी सुटतो. आता आच कमी करा. पाणी थरथरावं, पण उसळू नये. आधी एकच गोळा सोडून पाहा. तो पाच मिनिटांत फुटायला लागला तर उरलेल्या पिठात एक-दोन चमचे स्टार्च मिसळा. दगडासारखा घट्ट निघाला तर स्टार्च जास्त झालाय, थोडा राखलेला गर मिसळा. यासाठीच मूठभर गर आधी बाजूला ठेवावा. सगळे गोळे सोडल्यावर १५ ते २० मिनिटं, झाकण अर्धवट ठेवून. वर तरंगायला लागल्यावर लगेच काढू नका, आणखी पाचेक मिनिटं राहू द्या.

मध्य जर्मनीतल्या थुरिंगियाचे ‘क्ल्योसे’, म्हणजे बटाट्याचेच गोळे, याहून अवघड आणि माझ्या मते याहून चविष्ट. त्यांत दोन भाग कच्चा बटाटा किसून कापडात अगदी चुऱ्यासारखा कोरडा पिळतात, पिळलेल्या पाण्याच्या तळाशी बसलेला पांढरा स्टार्च परत मिसळतात आणि त्यावर एक भाग बटाट्याची पातळ, उकळती लापशी ओततात. त्या उष्णतेने कच्चा स्टार्च फुलून सगळं बांधलं जातं, अंडं लागत नाही. लापशी नुसती गरम असेल, उकळती नसेल, तर बांधणी होत नाही. बहुतेकांचे क्ल्योसे तिथेच फसतात. किसही झटपट हवा, हवा लागून तो करडा पडतो.

ताटात गोळा सुरीने कापत नाहीत, काट्याने फोडतात. कापलेला भाग गुळगुळीत राहतो, फोडलेला खडबडीत, आणि खडबडीत भागच रस्सा शोषतो.

गोळ्यांऐवजी श्पेट्स्ले

दक्षिणेत, विशेषतः श्वाबेन भागात, याच मांसासोबत ‘श्पेट्स्ले’ हे अंड्याच्या पिठाचे लांबट तुकडे असतात. श्वाबेनच्या श्पेट्स्लेला २०१२ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे. चार माणसांना ४०० ग्रॅम मैदा, ४ अंडी, दीड चमचा मीठ आणि १२० ते १५० मिली पाणी लागतं. पाणी एकदम ओतू नका, अंड्यांच्या आकारावर ते कमी-जास्त होतं.

लाकडी चमच्याने पीठ भांड्याच्या कडेवर आपटत फेटा. सात-आठ मिनिटांनी त्यात मोठे बुडबुडे येतात आणि फुटताना फट् असा आवाज होतो. चमचा वर उचलला की पीठ जड, चिवट पट्टीसारखं ओघळावं आणि मगच तुटावं. लगेच टपटप पडलं तर पातळ, चमच्याला गोळा होऊन लटकलं तर घट्ट. केकच्या पिठाला जास्त फेटणं नडतं, इथे मैद्यातल्या ग्लुटेनचा चिवटपणाच हवा आहे. पीठ २० मिनिटं झाकून ठेवा.

लाकडी पाटीचं टोक उकळत्या पाण्यात बुडवून ओलं करा, त्यावर पीठ पातळ पसरा आणि ओल्या पट्टीने बारीक कडा पाण्यात ढकलत जा. दोन-चार वेळा हात बसला की वेग येतो. नाही जमलं तर दाबायचं यंत्र वापरा. भोकांवरून सरकणाऱ्या किसणीने केलेले आखूड तुकडे ‘क्न्योप्फ्ले’ म्हणवतात, चव तीच. तुकडे वर आले की झाऱ्याने लगेच काढा आणि लोण्यात घोळवा. ते विरघळून पाणी गढूळ होत असेल तर पीठ पातळ आहे किंवा पाण्याला उकळी नाही. एका वेळी थोडेच सोडा.

बटाट्याचं सॅलड

ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी असंख्य जर्मन घरांत ‘कार्टोफेलझालाट’ आणि वाफवलेले सॉसेज एवढंच जेवण असतं. उत्तरेत सॅलड मेयोनेजचं, दक्षिणेत गरम रश्श्याचं. दक्षिणेकडचं करून पाहा, कारण ते बटाट्याचा खरा गुण दाखवतं. इथे हिरवी पिशवी.

एक किलो घट्ट बटाटे सालीसकट उकडून, हाताला सोसतील तेवढे गरम असतानाच सोला आणि पातळ चकत्या करा. २५० मिली बीफचं किंवा भाज्यांचं स्टॉक, बारीक चिरलेला कांदा, ४ मोठे चमचे पांढरं वाइन व्हिनेगर, एक चमचा मोहरीची पेस्ट, मीठ आणि मिरपूड हे सगळं उकळून चकत्यांवर ओता. गरम बटाटा हे पिऊन टाकतो, गार बटाट्यावरून ते ओघळून जातं. अर्ध्या तासाने हलक्या हाताने हलवा आणि मगच ५ मोठे चमचे सूर्यफुलाचं तेल घाला. तेल आधी घातलं तर चकत्यांवर पापुद्रा धरतो आणि आंबट आत जात नाही. श्वाबेनची माणसं म्हणतात की हलवताना सॅलडने मचमच आवाज करायला हवा. कोरडं असेल तर तो आवाज येत नाही, तेव्हा आणखी थोडं गरम स्टॉक घाला. कोमटच वाढा, फ्रिजमध्ये ठेवलं की स्टार्च घट्ट होऊन चकत्या खरखरीत लागतात.

शेवटी रोटे ग्र्युत्से

उत्तर जर्मनीचा हा गोड पदार्थ पंधरा मिनिटांत होतो. रेड करंट, चेरी आणि रास्पबेरी मिळून ७५० ग्रॅम फळं, पाव लिटर चेरीचा रस, ९० ग्रॅम साखर आणि ४० ग्रॅम स्टार्च. थोड्या गार रसात स्टार्च कालवा. बाकीचा रस, साखर, चेरी आणि करंट उकळा, कालवलेला स्टार्च ओतून हलवत एक मिनिट शिजवा. दुधाळ रंग जाऊन मिश्रण पारदर्शक झालं म्हणजे स्टार्च शिजला. त्याआधी उतरवलंत तर कच्च्या पिठाची चव राहते. रास्पबेरी आच बंद केल्यावर मिसळा, नाहीतर त्यांचा गाळ होतो. वर साय धरू नये म्हणून थोडी साखर भुरभुरा, गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि वाढताना वरून गार व्हॅनिला सॉस किंवा न फेटलेलं पातळ क्रीम ओता.